केतकीची कॅसेट, माझी कॉपी

"आधी वयानं सगळ्यात मोठे बोलतील, मग त्यांच्याहून लहान, मग त्यांच्याहून लहान. आणि हा नियम का, असं कधी विचारायचं नाही!"

शनिवारच्या बैठकीत पहिल्या दिवशी मला एवढंच सांगण्यात आलं. बैठक म्हणजे रामबागेत अप्पाजींच्या दिवाणखान्यात दर शनिवारी साडेपाच ते सात जमणारी मंडळी. एखादी रेकॉर्ड किंवा कॅसेट लावायची, सगळ्यांनी मुकाट्यानं ऐकायची, मग प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. अप्पाजी कॉलेजातून रिटायर झालेले प्रिन्सिपॉल, वय सत्त्याहत्तर, म्हणून पहिलं मत त्यांचं. मग नाना, ते ट्रेझरीतून रिटायर. मग कमलताई, ज्यांनी शाळेत मला आणि अर्ध्या इंदूरला गाणं शिकवलं. माझं अक्षर बरं आहे म्हणून कमलताईंनीच मला तिथं नेलं होतं, सगळ्यांची मतं वहीत उतरवायला.

त्या वहीत प्रत्येक शनिवारच्या पानावर सगळ्यात खालची ओळ माझ्या नावाची. आणि ती कोरी! कारण माझा नंबर येईपर्यंत सात वाजायचे, अप्पाजी चष्म्याची घडी घालायचे आणि म्हणायचे, "सुजाताचं पुढच्या वेळी."

ज्याला बोलायला मिळत नाही त्याच्याकडे किस्से फार साठतात. तोंड बंद, कान उघडे आणि हातात पेन! एम. ए.ची दोन वर्षं मी हेच केलं. त्यातले एका कॅसेटचे तेवढे सांगते. ती कॅसेट इंग्लंडमधल्या चार पोरांच्या बँडची होती. तिकडे म्हणे तिला थोर मानतात. इकडे आमच्यात तिच्यावरून जेवढी मतं निघाली तेवढी त्या चौघांनाही झेपली नसती.

* * *

आधी केतकीबद्दल सांगायला हवं. केतकी अप्पाजींची नात, कॉलेजात माझ्याच वर्गात. तिचा मामा इंग्लंडात. तिच्या खोलीत डबल डेकचा टेपरेकॉर्डर, खिडकीला जाळीचे पडदे, आणि घरात नवीन आलेला केबल टीव्ही. माझ्याकडे सायकल.

केतकी माझ्यापेक्षा एकोणीस दिवसांनी लहान आहे. एकोणीस! मी दोघींच्या मार्कशीटवरच्या जन्मतारखा शेजारी ठेवून मोजलेत. तरी बैठकीत तिचा नंबर माझ्या आधी यायचा. एकदा मी धीर करून अप्पाजींना ते सांगितलं.

अप्पाजी हसून म्हणाले, "अगं, ती घरातली आहे. घरातल्या माणसाचं काय वय मोजायचं?"

मी ते वाक्यही वहीत उतरवलं. मतांच्या रकान्यात.

* * *

कॅसेट आली फेब्रुवारीत. केतकीनं वर्गात बाकाखालून दाखवली. कव्हरवर एक लांबच लांब सायकल स्टँड, सगळा रिकामा, आणि त्यात एकच सायकल उभी, तिला सीट नाही. बस. ना बँडचे चेहरे, ना काही.

"मामानं पाठवलीय. तिकडे सगळे पागल आहेत म्हणे हिच्यासाठी," केतकी म्हणाली.

"ऐकलीस?"

"हो ना. मतलब, थोडीशी."

मी तिच्या मागेच लागले. शेवटी एका रविवारी दुपारी तिनं मला घरी बोलावलं, खोलीत बसवलं, आणि स्वतः आईबरोबर साड्यांच्या सेलला निघून गेली. मी घरातली एक जुनी कॅसेट नेली होती. तिच्यावर माझ्या मामाच्या लग्नाचं रेकॉर्डिंग होतं. त्या मामीचं आणि आमच्या आईचं पटत नाही, म्हणून पुसायला हरकत नव्हती.

पहिली बाजू उतरली. दुसरी बाजू चालू झाली. मी जमिनीवर बसून ऐकत होते. आणि शेवटचं गाणं अर्ध्यावर आलं असताना टक्! माझी कॅसेट संपली. रेकॉर्डचं बटण उडालं. माझी होती साठ मिनिटांची, त्यांची थोडी मोठी. पण दुसऱ्या डेकमध्ये केतकीची कॅसेट चालूच होती. ते गाणं पुढं गेलं. कुठल्या कुठं गेलं! मी बटणाला हात न लावता तशीच बसून राहिले.

पुन्हा ऐकायचं ठरवलं होतं. पण मे महिन्यात केतकीनं कॅसेट त्यांच्या नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर, उन्हात, विसरून ठेवली. तिनं मला ती आणून दाखवली तेव्हा तिचा आकार पापडासारखा झाला होता.

"सो सॅड ना?" ती म्हणाली. "कव्हर हवं असेल तर तू घे. मी काय करू त्याचं?"

मी कव्हर घेतलं. आणि सायकलवर बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्या गाण्याचा शेवट आता सबंध इंदुरात एकट्या मला माहीत आहे. मी जळकी आहे, हे मी आधीच कबूल करते. पण त्या दिवशी पहिल्यांदा असं झालं की केतकीनं माझ्यावर जळायला हवं होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता!

* * *

घरी पहिलं मत आमच्या आजोबांचं. आजोबा महूला पलटणीत होते, बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. त्यांना अजूनही कुणी बेताल टाळ्या वाजवल्या तर राग येतो. मी कॅसेट लावली तर ते खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले, आणि एका पायानं ताल धरला. पूर्ण बाजू ऐकली. मग डोळे उघडले.

"रिपोर्ट देऊ?"

"द्या."

"गाणारा गैरहजर. गिटारवाला रजेवर. मोठं गिटार वाजवणारा सिक रिपोर्ट. एकटा ड्रमवाला ड्यूटीवर आहे!"

"पण आवडलं का?"

"त्या ड्रमवाल्याला बढती द्या," आजोबा म्हणाले. "बाकीच्यांना परेडवर उभं करा."

* * *

बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते, सत्तावीस वर्षं. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. 'होते' म्हणते, कारण आदल्या वर्षी मिल बंद झाली. एका सकाळी गेटवर कागद लागला आणि आतल्या साच्यांवरचं कापड अर्धं विणलेलं तसंच राहिलं.

पण गणपतीत मिलची झांकी निघायची ती निघायचीच. इंदुरात मिलवाले अनंत चतुर्दशीला ट्रॉल्यांवर हलणारे देखावे काढतात, ते बघायला गावंच्या गावं लोटतात. मिल बंद, पगार बंद, तरी बाबा आणि त्यांच्या खात्यातले शंकरकाका महिनाभर रोज दुपारी मिलच्या गेटजवळच्या शेडमध्ये कालिया नाग बनवत होते. नागाचे पाच फणे मोटरवर डोलायचे. पण कुठल्या चालीवर डोलवायचे ते ठरेना. एक धून लावली की फणे मागे पडायचे, दुसरी लावली की धून.

मी डबा घेऊन गेले होते, पिशवीत कॅसेट होती. म्हटलं, बघा तर लावून. शंकरकाकांनी लावली. आणि नाग काय डोलला! पाच फणे, पाचही तालात!

झांकी समितीचे अध्यक्ष बघायला आले. ते मोठे गंभीर गृहस्थ. पाठीमागे हात बांधून त्यांनी एक गाणं पूर्ण ऐकलं.

"चाल जमलीय. पण शंकर, हा पोरगा गातोय की रडतोय?"

शंकरकाकांनी कॅसेटचं कव्हर उचलून त्यांच्यापुढं धरलं. रिकामा स्टँड, बिनसीटची सायकल.

"भिया, ये देखो ना. उसकी भी मिल बंद पड़ी है!"

सगळी शेड हसली. शंकरकाका सोडून.

* * *

याच दिवसांत बैठकीत क्रांती झाली. अप्पाजी रोज पेपर वाचतात. पेपरात रोज उदारीकरण, परदेशी कंपन्या, खुली बाजारपेठ. एका शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "देशानं दारं उघडली. आपण निदान खिडकी उघडू! पुढचे काही शनिवार विलायती संगीत."

"कुठलं?" नानांनी घाबरून विचारलं.

"आमच्या केतकीकडे आहे एक कॅसेट. तिकडे फार नावाजलेली."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर पडल्यावर जिन्यात तिनं माझा हात धरला. "सुजू, तुझी कॉपी देशील ना? प्लीज यार! नाहीतर अप्पाजींसमोर माझा कचरा होईल."

मी दिली. फुकट नाही दिली. म्हटलं, कॅसेट माझी, तर या वेळी मत माझंही होईल. "एक दिवस माझा नंबर तुझ्या आधी. बोल!"

"पक्का प्रॉमिस."

मी घरी दोन पानं भरून मत लिहिलं. फाडलं. परत लिहिलं.

शनिवारी अप्पाजींनी कॅसेट हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. लेबलवर माझं अक्षर, माझ्या निळ्या पेनची शाई. "ही आमच्या केतकीची कॅसेट," अप्पाजी म्हणाले, "आणि लेबलवर अक्षर किती सुंदर काढलंय पोरीनं!"

केतकीनं पंख्याकडे पाहिलं. तिला असं काही झालं की ती पंख्याकडे बघते.

* * *

पहिली बाजू संपत आली होती. मंडळी डोळे मिटून बसलेली. नाना बहुतेक झोपलेले. शेवटचं गाणं हळूहळू विरत गेलं, मग थोडी खरखर, आणि मग एकदम दिवाणखान्यात मोठ्यानं आवाज आला:

"ओ भिया! पूड़ी इधर भी! कब से बैठे हैं!"

माझ्या मामाचं लग्न! त्या बाजूला गाणी जरा लवकर संपली होती, आणि खाली पुसायचं राहिलेलं लग्न वर आलं होतं. मागे सनई, ताटल्यांचा खणखणाट, कुणीतरी बारका पोर रडतोय.

अप्पाजी ताडकन उठले. तरातरा गल्लीकडच्या खिडकीशी गेले आणि त्यांनी ती धाडकन लावली. "काय हे! माणसानं संगीत ऐकावं की लोकांची लग्नं?"

खिडकी बंद. आत सनई चालूच. अप्पाजींनी दुसरी खिडकी लावली.

नाना जागे झाले. त्यांनी जरा ऐकलं, बोटांवर काही मोजलं आणि म्हणाले, "पितृपक्षात लग्न? जमाना फारच खुला झाला!"

मी तोंड उघडलं. कमलताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझा नंबर आला की सांग हं."

नंबर आला नाही. अप्पाजींनी खिडक्यांबद्दल इतका वेळ घेतला की सात वाजले.

* * *

कमलताईंचं मत ऐकायचं तर आणखी एक शनिवार थांबावं लागलं, कारण त्या पेटी घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं, हा मुलगा कुठल्या सुरात गातोय ते आधी ठरू दे. एक गाणं लावून त्यांनी पेटीवर सूर धरला. काळी एक. नाही. पांढरी दोन. नाही. पुन्हा काळी एक. कॅसेट चारदा मागे घेतली. घाम फुटला त्यांना.

"दोन पट्ट्यांच्या मधे उभा आहे हा," त्या शेवटी म्हणाल्या. "तिथं पेटीला जागाच नाही."

"म्हणजे बेसूर?" नाना उत्साहानं म्हणाले.

"बेसूर माणूस हलतो, नाना. हा एक इंच हलत नाही. तीन मिनिटं त्याच जागी उभा! अशा चुकीला रियाज लागतो." मग पेटीचा भाता बंद करून त्या हळूच म्हणाल्या, "मुलगा गुणी आहे. पण घरी कुणी त्याला जेवलास का विचारत नाही."

हे मत मी वहीत जसंच्या तसं लिहिलं. खरं सांगायचं तर माझ्या दोन पानांत एवढं चांगलं एकही वाक्य नव्हतं. कमलताईंवरही जळले मी त्या दिवशी!

मग माझा नंबर यायला हवा होता. प्रॉमिस होतं. मी कागद उघडला.

"आमची केतकी काय म्हणते?" अप्पाजींनी विचारलं.

केतकीनं माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "अप्पाजी, मला वाटतं... इट्स व्हेरी हाँटिंग. मतलब, असं एकदम आत जातं."

"वा!" अप्पाजी म्हणाले. "आत जातं! लिही सुजाता, लिही."

मी लिहिलं. बाहेर जिन्यात मी तिला अडवलं. "कुठलं गाणं आत जातं गं?"

"ते... पहिलं."

"आणि शेवटचं?"

"शेवटपर्यंत कोण ऐकतं, सुजू?"

* * *

दुसरी बाजू बैठकीत लागायच्या आधी मी ती बाबांना ऐकवली. बाबांनी गाण्याबद्दल कधी मत दिलेलं नाही. साचेखात्यात सत्तावीस वर्षं काढल्यावर त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ते उजवा कान टेपकडे करून बसले. शेवटच्या गाण्याच्या मधोमध टक् झालं.

"हे तुटलं नाही," बाबा लगेच म्हणाले. "कांडी संपली."

"म्हणजे?"

"धागा तुटला की वेगळा आवाज होतो. झटका बसतो. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की धोटा नुसता रिकामा धावतो. हे गाणं थांबायला निघालेलं नव्हतं. ऐक ना, ड्रमवाला हात वर घेतोय." त्यांनी हात वर करून दाखवला. "पुढं माल आहे. तुझ्या कॅसेटमध्ये मावला नाही."

वही, नंबर, क्रम काही नाही. एका फटक्यात!

"पुढं काय होतं?" बाबांनी विचारलं.

मला जेवढं आठवत होतं तेवढं मी त्यांच्या उजव्या कानाशी गुणगुणून दाखवलं. मधे चुकले, परत सुरुवातीपासून घेतलं. बाबा खाली बघत ऐकत होते.

"असं होय," ते म्हणाले. "चला. कुणाचं तरी थान पूर्ण झालं."

आमच्या बाबांच्या साच्यावर कापडाचं एक थान अजून अर्धं आहे. गेटला कुलूप आहे.

* * *

आणि हा शेवटचा.

बैठकीत दुसरी बाजू लागली, शेवटच्या गाण्याच्या मधोमध टक् झालं, आणि अप्पाजी खुर्चीतून उठून उभेच राहिले. "अहाहा!" त्यांचे डोळे भरून आले. "काय धाडस! ऐन रंगात आला आणि थांबला! आपल्याकडे कुणी हे केलं नाही!" मी पेन खाली ठेवून हात वर केला. अप्पाजींनी तो हात पाहिला आणि म्हणाले, "क्रमानं, सुजाता." मग क्रमानं सगळ्यांना ते धाडस पटलं. नानांना विशेष पटलं, कारण ते त्या दिवशी जागे होते. माझा नंबर आला तेव्हा सात वाजून गेले होते.

दर दसऱ्याला रामबागेतल्या मंडळाची स्मरणिका निघते. अप्पाजींनी तिच्यासाठी लेखच लिहून काढला. पुढच्या शनिवारी तो वाचून दाखवायचा आणि मी स्वच्छ अक्षरात उतरवून प्रेसला द्यायचा, असं ठरलं. त्या शनिवारी माझ्या सायकलची चेन तुटली होती, म्हणून बाबा मला त्यांच्या सायकलवर घरून, परदेशीपुऱ्याहून, सोडायला आले आणि परत न्यायला थांबले. व्हरांड्यातल्या बाकावर बसले. कमलताई म्हणाल्या, "त्यांना आत बोलवा ना."

"बसू देत," अप्पाजी म्हणाले. "बाहेर हवा छान आहे."

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. लेखाचं नाव 'थांबण्याचं वैभव'. पहिली दोन पानं ठीक होती. तिसऱ्या पानावर अप्पाजींनी आवाज खाली आणला.

"'आपल्या शहरातली गिरणी जशी एका सकाळी, धागा हातात असतानाच, शांत झाली, तसंच हे गाणं. काही लोक त्या शांततेत फक्त तोटा पाहतात. पण ज्याला कान आहेत त्याला कळतं, की अपूर्णतेतही एक सौंदर्य असतं. साच्यावर अर्धं राहिलेलं कापड हीच खरी कलाकृती.'"

"वा, वा!" नाना म्हणाले.

व्हरांड्यातला बाक करकरला. बाबांचा उजवा कान दाराकडे होता.

अप्पाजींनी कागद माझ्यापुढं सरकवले. "चल, घे लिहायला. मथळा जरा मोठ्या अक्षरात."

"मी नाही लिहिणार," मी म्हटलं.

"हात दुखतोय का?"

"नाही. हे खोटं आहे. गाणं थांबलेलं नाही, माझी कॅसेट संपली. साठ मिनिटांची होती. आणि ती पितृपक्षातली पुरीसुद्धा माझ्या मामाच्या लग्नातली होती!"

नाना म्हणाले, "क्रमानं, क्रमानं बोलावं—"

"दोन वर्षं क्रमानंच बसलेय, नाना!" माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होतं. "बाबांना एकदाच ऐकून कळलं. त्यांना तुम्ही हवा खायला बाहेर बसवलंय. आणि त्यांच्या साच्यावरचं कापड कलाकृती नाहीय. ते त्यांना पूर्ण करू दिलं नाही!"

"सुजाता!" कमलताई म्हणाल्या. पण त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला नाही.

अप्पाजी केतकीकडे वळले. "कॅसेट तुझी होती ना? तू सांग. गाणं पुढं आहे?"

केतकीनं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. "मी... लास्टवालं कधी... अप्पाजी, ती ओरिजिनल मेमध्ये वितळली. ही सुजूची कॉपी आहे. सगळी तिचीच आहे."

अप्पाजींनी माझ्यापुढचे कागद उचलून उलटे ठेवले. मग त्यांनी माझ्यासमोरची वही स्वतःकडे ओढली. त्या दिवसाचं पान काढलं. अप्पाजी, नाना, कमलताई, केतकी ही नावं खाली सोडून सगळ्यात वर, आपल्या अक्षरात, त्यांनी माझं नाव लिहिलं. पेनचं टोपण काढून वाट बघत बसले. मी कधी पाहिलं नव्हतं त्यांना असं, विद्यार्थ्यासारखं.

"बरं," ते म्हणाले. "पहिला नंबर तुझा. सात वाजले तरी चालतील. शेवट कसा आहे, ते सांग."

नाना पुढं वाकले. कमलताईंनी पेटी उघडली. केतकीसुद्धा पहिल्यांदा पंखा सोडून माझ्याकडे बघत होती.

मी कॅसेट काढून पिशवीत टाकली.

"नाही सांगणार."

सगळे गप्प झाले. क्रमानं नव्हे, एकदम.